आधीच्या गाडीची ओल

दिवाळी उलटली की खानदेशात जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या, फाटकाबाहेर गाड्यांची रांग लागते. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, पिकअप, छोटे हत्ती, मधूनच एखादी बैलगाडी. धरणगावला जा, जामनेरला जा, बोदवडला जा, चित्र तेच. रांगेतल्या माणसाचा जीव दोन गोष्टींत अडकलेला असतो, काट्यात आणि ओलीत. काट्याचा आकडा समोर दिसतो. ओलीचं तसं नाही. पहाटे दवात वेचलेला कापूस जड भरतो, म्हणून घेणारा ओलीचे पैसे कापतो, आणि ती कपात कितीची हे पावती हातात पडल्यावरच कळतं. सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, हमीभावाच्या खरेदीत ८ ते १२ टक्के ओल चालते. आठच्या वर भाव उतरत जातो, बाराच्या वर कापूस घेत नाहीत. मी सांगतेय त्या खासगी जिनिंगनेही हीच पट्टी धरलेली होती.

एवढं कापसाचं सांगितलं ते पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेतल्या एका ओळीसाठी. ओलीच्या कपातीचा हिशोब ती ओळ करायची.

जिनिंगचं नाव कशाला घ्या. तिथल्या दिवाणजींना सगळे नाना म्हणतात, आपणही तेवढंच म्हणू. नानांचा फोन आला, "ताई, एक कपात बसत नाहीये. सहा टक्के लागलीय." मला आधी त्यात काही वावगं वाटेना. नानांनीच उलगडून सांगितलं. बाराच्या वरची गाडी आपण घेतच नाही. कपात आठाच्या वर, टक्क्याला टक्का. म्हणजे घेतलेल्या गाडीला जास्तीत जास्त कपात चार टक्के. सहा आली कुठून?

चाळीस वर्षं खतावण्या लिहिलेल्या माणसाचा हा प्रश्न कोडमधल्या चुका शोधणाऱ्या कुठल्याही डीबगरपेक्षा वरचा होता. कुठला आकडा येऊच शकत नाही हे त्यांना ठाऊक होतं.

सॉफ्टवेअर एका तरुण पोराने लिहिलेलं. हुशार पोरगा, कोड नीटनेटका. इथे ती ओळ नागरीत उतरवून देते. यंत्रावर चालवायची तर फॉर, इन, इफ, ऑर हे शब्द रोमनमध्येच लागतील.

मंजूर = [(ग.पावती, भाव(ओल)) फॉर ग इन रांग इफ ग.कोरडा ऑर (ओल := मोजा(ग)) <= १२]

जाता जाता एक गंमत. पायथन ३ मध्ये व्हेरिएबलचं, म्हणजे आकडा साठवायच्या खणाचं, नाव खुशाल नागरीत ठेवता येतं, 'ओल' किंवा 'रांग' त्याला चालतात. नागरी आकडा मात्र कोडमध्ये थेट लिहिला तर तो हरकत घेतो. तोच '१२' अवतरणात घालून मजकुराचा आकडा करणाऱ्या इंट कडे दिला तर निमूट बारा करून देतो. म्हणजे वाचता येतं, फक्त कोडात लिहिलेलं खपत नाही.

आता ओळीकडे. रांगेतली एकेक गाडी घ्यायची. ग्रेडरने 'कोरडा' असा शेरा मारला असेल तर ती मंजूर. नसेल तर मीटरचं रीडिंग आणायचं, ते 'ओल' या नावात ठेवायचं, आणि बारापर्यंत असेल तर मंजूर. मंजूर झालेल्या गाडीचा भाव 'ओल'वरून काढायचा. कानाला सगळं बरोबर वाटतं.

ग्रेडरचा शेरा ही काही उगाच सोय नव्हे. तो माणूस ट्रॉलीत कोपरापर्यंत हात घालतो, आतला कापूस मुठीत दाबून सोडतो, फुगतो कसा ते बघतो. मग एक सरकी काढून दाताखाली धरतो. कट्कन फुटली तर कोरडा. चेपली तर मीटर. शेरा मिळालेल्या गाडीला मीटर लावतच नाहीत, त्यामुळे तिचं रीडिंगच नसतं, आणि मोजा() ला विचारलं तर ते चूक फेकतं. म्हणून तिथे 'ऑर' घातलेला. पायथनचा 'ऑर' डावीकडून सुरू करतो. डावी बाजू खरी निघाली की उजवीकडे ढुंकूनही बघत नाही. उत्तर ठरलेलंच असतं, मग कशाला. 'अँड'चं उलट, डावी खोटी निघाली की तो तिथेच थांबतो. याला शॉर्ट सर्किट म्हणतात. हा दोष नाही, शेकडो ठिकाणी आपण याच्याच जिवावर कोड लिहितो. पोरानेही तो समजून उमजून वापरला होता.

फक्त उजवीकडे आता नुसता प्रश्न उरलेला नव्हता. तिथे ओल := असं लिहून एक कामही ठेवलं होतं. प्रश्न गाळला की त्याच्या पोटातलं कामही गळतं. कोरड्या गाडीच्या वेळी 'ओल'मध्ये नवं काही भरलं जात नाही. मग भाव(ओल) कुठली ओल घेतो? आधीच्या गाडीची.

कागदावर मांडून बघा. समजा भाव क्विंटलला ७,००० रुपये. पहिल्या गाडीची ओल ९, एक टक्का कपात, भाव ६,९३०. दुसरीची ११, तीन टक्के कपात, ६,७९०. तिसरी कोरडी, तिला पूर्ण ७,००० मिळायला हवेत. पण 'ओल'मध्ये अजून ११ बसलेले आहेत, म्हणून तिलाही ६,७९०. चौथीची ओल निघाली १४. ती नामंजूर, यादीत येत नाही. पण नामंजूर करण्यासाठी का होईना, मोजली तर गेलीच, आणि मोजली म्हणजे 'ओल'मध्ये १४ बसले. पाचवी गाडी कोरडी. चौदातून आठ गेले सहा. सहा टक्के कपात, भाव ६,५८०.

नानांचा आकडा तो हाच. फाटकातून परत गेलेल्या गाडीची ओल मागच्या कोरड्या कापसाला चिकटली.

आणि मजा बघा, परत गेलेली गाडी नसती तर हे बाहेरच आलं नसतं. तिसऱ्या गाडीची तीन टक्के कपात दिसायला अगदी खरी आहे. अशा कपाती रोज कितीतरी पावत्यांवर असतात. खिडकीवर एखादा म्हणायचाही, "मना कापूस ते कोरडा शे, मंग हाई कपात कसानी?" त्यावर आतून उत्तर यायचं की कॉम्प्युटरमध्ये तसंच आलंय. हे उत्तर मी बँकेत ऐकलंय, तलाठ्याकडे ऐकलंय, आता जिनिंगमध्येही ऐकलं. मला ते कधीच उत्तर वाटलेलं नाही. कॉम्प्युटरमध्ये कसं आलं, हाच तर समोरच्याचा प्रश्न असतो.

पोराने विचारलं, आणि रास्त विचारलं, की 'ओल' भरलेलीच नसेल तर पायथनने नेमएरर, म्हणजे 'हे नाव ओळखीचं नाही' ही तक्रार, द्यायला हवी होती ना? दिली असती, पण दिवसाची पहिलीच गाडी कोरडी निघाली असती तरच. तेव्हा 'ओल' हे नाव जन्मालाच आलेलं नसतं. त्या जिनिंगचा एक नियम आड आला. सकाळच्या गाड्यांना, शेरा असो नसो, मीटर लावायचाच, कारण दव. त्यांच्या नोंदीत 'कोरडा' येतच नाही. त्यामुळे रोज पहिल्या गाडीला 'ओल' भरली जायची आणि पायथनला ओरडायला निमित्तच मिळायचं नाही. कॉम्प्युटरवरच्या नोटबुकात तुकड्यातुकड्याने कोड चालवणाऱ्यांची गत याहून वाईट. तिथे मागच्या वेळी चालवलेलं नाव जिवंतच असतं, म्हणजे आजच्या पहिल्या गाडीला कालच्या शेवटच्या गाडीची ओल लागू शकते.

:= या चिन्हाला जगभर वॉलरस (सुळेवाला समुद्री प्राणी) म्हणतात, आडवं बघितलं तर दोन डोळे आणि दोन सुळे. पायथनमध्ये ते आलं ३.८ या आवृत्तीत, ऑक्टोबर २०१९ ला. ज्या प्रस्तावातून आलं तो पेप ५७२. लिहिणारे तिघे: ख्रिस अँजेलिको, टिम पीटर्स आणि खुद्द पायथनचे जनक गुइडो व्हॅन रॉसम. यावरून इतकं रणकंदन झालं की प्रस्ताव मंजूर केल्यावर जुलै २०१८ मध्ये गुइडोंनी पायथनच्या बाबतीत अखेरचा शब्द आपला, हा अधिकारच सोडून दिला. दोन टिंबांपायी एवढं? त्या वेळी मलाही हे अति वाटलं होतं. आता विरोध करणाऱ्यांची बाजू थोडी जास्त कळते, तरी मी चिन्हाच्या बाजूचीच आहे.

त्या प्रस्तावात एक गोष्ट मुद्दाम ठरवलेली आहे आणि ती बऱ्याच जणांना माहीत नसते. कॉम्प्रिहेन्शन म्हणजे आपल्या ओळीसारखी कंसातच बनवलेली यादी. तिच्यातलं 'ग', म्हणजे फिरतं नाव, पायथन ३ मध्ये आतच राहतं. पायथन २ मध्ये ते यादीच्या कंसातून बाहेर सांडायचं, ते तिसऱ्या आवृत्तीत बंद केलं. वॉलरसने भरलेलं नाव मात्र बाहेरच्या फंक्शनमध्ये जाऊन बसतं. कारण त्यांना अशी वाक्यं लिहिता यायला हवी होती:

इफ एनी((सापडली := ग).ओल > १२ फॉर ग इन नोंदी): परत_पाठवा(सापडली)

इथे शॉर्ट सर्किट आपल्या बाजूने उभं आहे. एनी() पहिली ओली गाडी मिळताच थांबतं, आणि 'सापडली'मध्ये नेमकी तीच गाडी उरते. हात ठेवून सांगता येतं, ही बघा. पण हेच वाक्य 'इफ'च्या बाहेर वापरायला गेलात तर फसाल. एकही गाडी ओली नसेल तर 'सापडली'मध्ये रांगेतली शेवटची गाडी असते, बिचारी कोरडीठाक. आणि रांग रिकामी असेल तर तिथे काहीच नसतं.

काही जण म्हणतात की नाव बाहेर सांडतं म्हणून आपला घोटाळा झाला. मला हे पटत नाही. समजा 'ओल' कंसातच राहिली असती, तरी ती सगळ्या गाड्यांना मिळून एकच असती. पायथन प्रत्येक फेरीला पाटी पुसत नाही. साध्या फॉर लूपमध्येही नाही, कॉम्प्रिहेन्शनमध्येही नाही. २०२३ च्या ३.१२ मध्ये कॉम्प्रिहेन्शन आतून चालवण्याची पद्धत बदलली, तीही वेगासाठी. पाटीचा प्रश्न होता तिथेच आहे.

कंसाचाही एक फटका सांगून ठेवते. वॉलरसची पकड सगळ्यात सैल, म्हणून कंस कुठे मिटतो त्यावर अर्थ फिरतो. (ओल := मोजा(ग)) <= १२ लिहिलं तर 'ओल'मध्ये आकडा जातो. (ओल := मोजा(ग) <= १२) लिहिलं तर आधी तुलना होते आणि 'ओल'मध्ये ट्रू, म्हणजे 'खरं', जाऊन बसतं. पायथनच्या हिशोबात ट्रू म्हणजे १. एक टक्का ओल, आठाच्या खाली, कपात शून्य. मीटर लागलेल्या साऱ्या गावाला पूर्ण भाव! ही चूक झाली असती तर त्याच संध्याकाळी सापडली असती, कारण पैसे मालकाच्या खिशातून गेले असते.

यावरून जे लक्षात आलं ते मला सगळ्यात जास्त बोचलं. आमच्या ओळीतली चूक एकाच बाजूला झुकलेली होती. कोरड्या गाडीला आधीच्या गाडीची ओल लागली, ती आठच्या आत असेल तर फरक शून्य, वर असेल तर शेतकऱ्याचं नुकसान. शेतकऱ्याचा फायदा होईल अशी शक्यताच नाही. कुणी बेइमानी केलेली नव्हती. पण पैसे जिनिंगकडेच राहत होते, म्हणून आतल्या कुणाला टोचत नव्हते. आणि मार बसत होता तो नेमका ऊन चढल्यावर वेचणी करणाऱ्याला, कापूस वाळवून आणणाऱ्याला.

'ऑर'चा आणखी एक खोडसाळपणा त्याच कोडमध्ये होता. कापसावर आगाऊ उचल घेणारे शेतकरी असतात. ग.उचल ऑर नेहमीची_उचल, असं एके ठिकाणी लिहिलेलं. हेतू असा की उचलीची नोंद नसेल तर नेहमीचा आकडा घ्यावा. पण पायथनला शून्यही खोटंच वाटतं. ज्याने यंदा एक पैसाही उचलला नाही, ज्याच्यासमोर स्वच्छ ० लिहिलंय, त्याच्या हिशोबात नेहमीची उचल वजा होणार. हे वेळीच दिसलं, पावतीपर्यंत पोचलं नाही. नोंद नसणं आणि शून्य असणं यांतला फरक 'इज नन' (काहीच नाही का?) विचारून करावा लागतो, 'ऑर'च्या भरवशावर सोडता येत नाही.

दुरुस्तीला फार काही लागत नाही. अट वॉलरसच्या पोटात घालायची:

(ओल := ८ इफ ग.कोरडा एल्स मोजा(ग)) <= १२

आता कोरडी असो वा ओली, प्रत्येक फेरीत 'ओल' भरली जातेच. कोरडीला आठ, बाकीच्यांना मीटर. मोजा()ला नको तिथे हाकही जात नाही. ज्यांना वॉलरसच नको त्यांच्यासाठी जुनी वाट आहे, फॉर ओल इन [८ इफ ग.कोरडा एल्स मोजा(ग)], एकाच वस्तूची यादी करून तिच्यावर फिरायचं. दिसायला विचित्र, पण पायथन ३.९ पासून ते साध्या असाइनमेंटच्याच, म्हणजे नावात थेट आकडा भरण्याच्याच, वेगाने चालतं. मला हे आवडतं, कारण इथे नाव न भरता पुढे सरकायला जागाच नाही.

पोराला दोन्ही पसंत पडेनात. त्याने कॉम्प्रिहेन्शन मोडून सरळ फॉर लूप लिहिला, इफ आणि एल्स वेगवेगळ्या ओळींवर. मी म्हटलं, अरे, लूपमध्येही एल्स विसरलास तर हाच रोग आहे. तो म्हणाला, विसरलो तर मोकळी जागा दिसते तरी. यावर मला फारसं बोलता आलं नाही. चाललंय ते त्याचंच.

चाचणी मात्र माझी ठेवायला लावली. दिवसभराची रांग घ्यायची, हिशोब करायचा. मग तीच रांग उलटी करून पुन्हा हिशोब करायचा. एकाही पावतीचा भाव बदलता कामा नये. तुमचा नंबर कोणामागे लागला यावरून तुमच्या कापसाचा भाव ठरत नाही, एवढंच ती चाचणी तपासते. जुना कोड तिच्यावर लगेच आपटला, कारण रांग उलटी केल्याबरोबर दुपारची कोरडी गाडी पहिली आली आणि इतके दिवस गप्प बसलेली नेमएरर एकदाची बाहेर पडली.

फरक काढायला वेळ लागला नाही. कोरडा शेरा असलेल्या पावत्या वेगळ्या काढल्या, पूर्ण भाव लावला, दिलेली रक्कम वजा केली. कोण कोणाच्या मागे उभा होता हे शोधायची गरजच पडली नाही, आणि बरंच झालं, कारण रांग फोडून मध्ये घुसणाऱ्यांची नोंद कुणाकडे असते?

नानांनी मात्र स्वतःची एक अट घातली. पावतीवर नुसती कपातीची रक्कम नको, ओलीचा आकडाही छापा. कोरड्या कापसाच्या पावतीवर 'ओल १४' छापलेलं आलं असतं तर माणूस खिडकीवरून हललाच नसता, त्यांचं म्हणणं. मालकाने जरा कुरकुर केली, छापणाऱ्याने दोन दिवस लावले, पण रकाना आला. आता कोरड्या गाडीच्या पावतीवर 'ओल ८ धरली' असं येतं. त्याचा परिणाम असा की खिडकीवरची हुज्जत वाढलीये. आठाच्या खाली भाव चढत नाही, आठ काय नि सात काय, पैसे तेवढेच, हे नाना दिवसातून कितीदा तरी समजावून सांगतात. ऐकून घेऊनही एखादा पावती परत आत सरकवतो: "आठ कसाले? सातच शे. लाव तुना मीटर."